ग्लिओमाची गाठ मेंदूपासून वेगळी का काढता येत नाही

आपल्या प्रश्नाचा गाभा मी समजले तो असा. वडिलांना एके दिवशी अचानक फिटचा झटका आला, एमआरआयमध्ये डाव्या टेंपोरल भागात गाठ दिसली, शस्त्रक्रिया झाली आणि पॅथॉलॉजीच्या अहवालात 'ग्लिओब्लास्टोमा, आयडीएच वाइल्डटाइप, श्रेणी ४' असे लिहून आले. मेंदूतील ग्लायल जातीच्या पेशींच्या गाठींना ग्लिओमा म्हणतात, आणि ग्लिओब्लास्टोमा हा त्यातलाच सर्वांत घातक प्रकार. सर्जनांनी दिसणारी सगळी गाठ काढल्याचे सांगितले आणि त्याच दमात ती पूर्ण निघालेली नाही, असेही सांगितले. ग्लायल पेशी म्हणजे चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशी, एवढेच आपण शिकला होतात. मग नुसता आधार देणाऱ्या पेशींपासून इतका घातक आजार कसा होतो, असे आपण विचारले आहे. शिवाय मेंदू जितका काम करतो तितकी ही गाठ वाढते, असे आपल्या वाचनात आले आहे आणि त्यामुळे वडिलांचे रोजचे वाचन आणि गणिते सोडवणे बंद करावे का, ही चिंता आपल्याला लागून राहिली आहे.

मी न्यूरोपॅथॉलॉजिस्ट आहे. मेंदूतून काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून निदान करणे हेच माझे अनेक वर्षांचे काम आहे. आपल्या सगळ्या प्रश्नांची मुळे निरोगी ग्लायल पेशींच्या कामात आहेत, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

१८५६ मध्ये जर्मन पॅथॉलॉजिस्ट रुडॉल्फ फिर्खो यांनी चेतापेशींच्या मधल्या भागाला 'न्यूरोग्लिया' हे नाव दिले. ग्रीक भाषेत ग्लिया म्हणजे गोंद. फिर्खो यांना तो चेतापेशींना धरून ठेवणारा भराव वाटला, आणि या नावाचा प्रभाव असा की पुढे कित्येक दशके बहुतेकांनी ग्लियाकडे भराव म्हणूनच पाहिले. त्यात वेगवेगळ्या जातींच्या पेशी आहेत हे कळण्यासाठी त्यांना रंगवण्याच्या पद्धती सापडाव्या लागल्या. सांतियागो रामोन इ काहाल यांनी १९१३ मध्ये सोन्याच्या क्षाराची पद्धत वापरून ताऱ्याच्या आकाराचे अ‍ॅस्ट्रोसाइट स्पष्ट दाखवले, आणि पिओ देल रिओ-ऑर्तेगा यांनी १९१९ ते १९२१ या काळात चांदीच्या क्षारांच्या साहाय्याने मायक्रोग्लिया आणि ऑलिगोडेंड्रोसाइट हे दोन प्रकार वेगळे केले. ग्लायल पेशी चेतापेशींच्या दहापट असतात, हे वाक्य पाठ्यपुस्तकांतून दीर्घकाळ छापले जात होते. तेही बरोबर नव्हते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत मानवी मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आणि जवळपास तितक्याच इतर पेशी भरल्या.

आता अ‍ॅस्ट्रोसाइट काय करतो ते जवळून पाहू. एक चेतापेशी दुसरीला संदेश देते तेव्हा दोघींच्या मधल्या अतिसूक्ष्म फटीत, म्हणजे सायनॅप्समध्ये, बहुतेक वेळा ग्लुटामेट हे रसायन सोडले जाते. संदेश पोहोचताच ते ग्लुटामेट तिथून उचलले गेले नाही तर समोरची पेशी उत्तेजितच राहते आणि अखेर मरू शकते. ते उचलण्याचे काम फटीला बिलगून बसलेला अ‍ॅस्ट्रोसाइट करतो; ग्लुटामेट आत घेऊन त्याचे निरुपद्रवी ग्लुटामीन बनवतो आणि ते चेतापेशीला परत देतो. चेतापेशीने संदेश पाठवला की तिच्याभोवती पोटॅशियम साचते, तेही तोच शोषून घेतो आणि छिद्रांनी जोडलेल्या शेजारच्या अ‍ॅस्ट्रोसाइटांकडे पांगवतो. त्याच्या काही शाखा रक्तवाहिन्यांना वेढतात आणि ज्या भागात काम वाढले तिथला रक्तपुरवठा वाढवण्यात भाग घेतात. मानवी मेंदूच्या बाह्यकातील, म्हणजे वरच्या थरातील, एक अ‍ॅस्ट्रोसाइट अंदाजे वीस लाखांपर्यंत सायनॅप्स आपल्या कवेत घेऊ शकतो. उंदरांत हा आकडा याच्या कितीतरी खाली आहे. म्हणूनच १९९९ मध्ये 'त्रिपक्षी सायनॅप्स' ही कल्पना मांडली गेली. तिचा अर्थ असा की सायनॅप्समध्ये दोन चेतापेशींइतकाच अ‍ॅस्ट्रोसाइटही सहभागी असतो. अ‍ॅस्ट्रोसाइट स्वतः किती प्रमाणात संदेश पाठवतो याबद्दल संशोधकांत अजून वाद आहेत, पण तो ऐकतो आणि ऐकून वागणे बदलतो याबद्दल वाद उरलेला नाही. २०१३ मध्ये मानवी ग्लायल पूर्वपेशी उंदरांच्या पिल्लांच्या मेंदूत रुजवून एक प्रयोग केला गेला. तिथे मानवी अ‍ॅस्ट्रोसाइट वाढले आणि ते उंदीर मोठेपणी इतर उंदरांपेक्षा लवकर शिकू लागले. मला स्वतःला हा प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात चेतापेशी उंदराच्याच होत्या.

मायक्रोग्लिया या मेंदूच्या रोगप्रतिकारक पेशी. गर्भावस्थेत त्या पीतकोशातून (गर्भाला जोडलेल्या पिशवीतून) येऊन मेंदूत स्थायिक होतात, आपल्या शाखा सतत हलवत आजूबाजूचा परिसर तपासतात आणि वाढत्या वयाच्या मेंदूत जादा झालेले सायनॅप्स खाऊन टाकतात. ऑलिगोडेंड्रोसाइट हे चेतातंतूंभोवती मायेलिनचे वेष्टन गुंडाळतात, त्यामुळे संदेश वेगाने आणि वेळेवर पोहोचतो.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे ती ऑलिगोडेंड्रोसाइटची पूर्वपेशी. प्रौढ मेंदूतही या पूर्वपेशी सर्वत्र पसरलेल्या असतात आणि आयुष्यभर विभाजित होऊ शकतात. २००० मध्ये असे दिसून आले की चेतापेशी या पूर्वपेशींशी थेट सायनॅप्स करतात. २०१४ मध्ये उंदरांच्या मेंदूच्या हालचाल घडवणाऱ्या भागातील चेतापेशी प्रकाशाने उत्तेजित केल्या, तेव्हा त्या भागातील पूर्वपेशींचे विभाजन वाढले आणि मायेलिन जाड झाले. आपण एखादे कौशल्य शिकतो तेव्हा जो मार्ग वारंवार वापरला जातो तो असा पक्का होत जातो. थोडक्यात, चेतापेशी बोलली की ग्लायल पूर्वपेशी वाढते, हा निरोगी मेंदूचाच नियम आहे. ग्लिओमा याच नियमाचा फायदा घेतो.

प्रौढ चेतापेशी विभाजित होत नाहीत. कर्करोग घडायला विभाजन लागते, कारण जनुकांतील बिघाड पिढ्यान्‌पिढ्या साचत जातो तो विभाजनातूनच. मेंदूत विभाजनाची क्षमता टिकून असते ती प्रामुख्याने ग्लायल पूर्वपेशींत आणि मेंदूतील पोकळ्यांच्या भिंतीलगत असलेल्या मूळपेशींत. २०१८ मधील एका अभ्यासात ग्लिओब्लास्टोमाच्या अनेक रुग्णांत मुख्य गाठीपासून दूर, पोकळीलगतच्या दिसायला निरोगी भागात, गाठीतलेच काही जनुकीय बदल अल्प प्रमाणात सापडले. यावरून रोगाची सुरुवात तिथल्या मूळपेशींत होऊन पेशी पुढे सरकल्या असाव्यात, असा अर्थ निघतो. तेव्हा 'ग्लिओमा' या नावावरून एखादा पूर्ण वाढलेला अ‍ॅस्ट्रोसाइट एक दिवस बिघडला, असे समजू नये. १९२६ मध्ये पर्सिव्हल बेली आणि हार्वी कुशिंग यांनी या गाठींचे जे वर्गीकरण केले ते पेशी कशासारख्या दिसतात यावर बेतलेले होते आणि नावे तिथून आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणात जनुकीय बदलांना निर्णायक स्थान आहे. वडिलांच्या अहवालात 'आयडीएच वाइल्डटाइप', म्हणजे आयडीएच जनुकात बदल नाही, हे शब्द त्यासाठीच आहेत. आयडीएच जनुकात बदल असलेले अ‍ॅस्ट्रोसायटोमा आणि ऑलिगोडेंड्रोग्लिओमा हे वेगळे आजार आहेत आणि त्यांची गती सामान्यतः कमी असते.

आता सर्जनांच्या त्या विसंगत वाटणाऱ्या वाक्याकडे येते. शस्त्रक्रिया चालू असतानाच माझ्याकडे तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा पाठवला जातो. त्यातला कण दोन काचपट्ट्यांमध्ये दाबून पसरवला आणि रंगवून पाहिला की गाठीच्या मध्यभागाचा नमुना ओळखायला सहसा कठीण जात नाही: दाटीवाटीने बसलेल्या पेशी, वेडीवाकडी गडद केंद्रके, प्रत्येक पेशीतून निघालेले केसासारखे धागे, अतोनात वाढलेल्या रक्तवाहिन्या आणि मधेमधे मृत ऊतीचे पट्टे. कसोटी लागते ती कडेच्या नमुन्यात. तिथे पेशी हळूहळू विरळ होत जातात, पण इथे गाठ संपली आणि इथे मेंदू सुरू झाला असे बोट ठेवून दाखवता येत नाही. निरोगी दिसणाऱ्या चेतापेशीच्या अंगाला दोन-तीन गडद केंद्रके चिकटलेली असतात. काही पेशी रक्तवाहिनीच्या कडेने, काही मेंदूच्या बाह्य पडद्याखालून आणि काही चेतातंतूंच्या जुडग्यांमधून वाट काढत गेलेल्या असतात. या सगळ्या निरोगी ग्लायल पेशींच्याच नेहमीच्या जागा आणि वाटा आहेत. यकृतातील किंवा स्तनातील कर्करोगाभोवती थोडा निरोगी भाग घेऊन गाठ कापता येते, तसे इथे करता येत नाही. वॉल्टर डँडी यांनी १९२८ मध्ये ग्लिओमासाठी मेंदूचा अख्खा उजवा गोलार्ध काढल्याचे रुग्ण नोंदवले, आणि तरीही आजार परतला. म्हणजे एमआरआयवर दिसणारी गाठ पूर्ण काढली हे सर्जनांचे म्हणणे खरे आहे, आणि आजार उरला आहे हेही तितकेच खरे आहे.

या उरलेल्या पेशी सुट्या नसतात. २०१५ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथील फ्रांक विंक्लर यांच्या गटाने दाखवले की ग्लिओमाच्या पेशी अत्यंत बारीक आणि लांब नलिका बाहेर काढतात, त्या एकमेकींना छिद्रांनी जोडतात आणि त्यातून कॅल्शियमच्या लाटा एका पेशीतून दुसरीत जातात. अ‍ॅस्ट्रोसाइट एकमेकांशी जोडलेले असतात असे वर म्हटले, त्याचीच ही विकृत आवृत्ती आहे, आणि दोन्हीकडे मुख्य प्रथिनही तेच, कनेक्सिन ४३. जाळ्यात जोडलेल्या पेशी किरणोपचाराच्या माऱ्यातून तग धरतात, कारण बसलेला धक्का जाळ्यात वाटला जातो. सुट्या पेशी तुलनेने सहज मरतात. १पी आणि १९क्यू हे गुणसूत्रांचे भाग गमावलेल्या ऑलिगोडेंड्रोग्लिओमात अशा नलिका फार कमी असतात आणि त्या गाठी उपचारांना चांगला प्रतिसाद देतात. हे आम्ही फार पूर्वीपासून पाहत होतो. त्याचे एक कारण अलीकडे हाती लागले.

याहून धक्कादायक शोध चेतापेशींच्या बाजूने आला. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात मिशेल मोन्ये यांच्या गटाने २०१५ मध्ये दाखवले की चेतापेशी सक्रिय झाल्या की न्यूरोलिगिन-३ नावाचे प्रथिन तुटून बाहेर पडते आणि ते ग्लिओमाच्या पेशींना विभाजित व्हायला भाग पाडते. २०१९ मध्ये त्यांच्या आणि हायडेलबर्गच्या गटाने एकाच वेळी प्रसिद्ध केले की चेतापेशी ग्लिओमाच्या पेशींशी खरेखुरे सायनॅप्स करतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली एका बाजूला रसायनाच्या पिशव्यांनी भरलेले चेतातंतूचे टोक आणि दुसऱ्या बाजूला कर्कपेशी, असे चित्र त्यांनी दाखवले. चेतापेशीने सोडलेले ग्लुटामेट कर्कपेशीवरच्या ग्राहकांना, म्हणजे ते रसायन पकडणाऱ्या प्रथिनांना, लागते, कर्कपेशीत विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि त्यातून तिची वाढ आणि घुसखोरी दोन्ही वाढतात. पूर्वपेशींवर असलेल्या सायनॅप्सचीच ही नक्कल आहे. चेतापेशीला चिकटलेली ती गडद केंद्रके मी वर्षानुवर्षे अहवालात 'उपग्रहासारखी मांडणी' म्हणून नोंदवत आले. तिथे दोघींत संभाषण चालू असू शकते हे माझ्या पिढीतील कोणाच्या मनात आले नव्हते.

वडिलांच्या झटक्याचा उगमही याच भागात आहे. निरोगी अ‍ॅस्ट्रोसाइट ग्लुटामेट उचलतो. ग्लिओमाची पेशी मात्र सिस्टीन हे अमिनो आम्ल आत घेण्याच्या बदल्यात ग्लुटामेट बाहेर टाकते. गाठीच्या कडेला ग्लुटामेट साचते, चेतापेशींना आवर घालणाऱ्या शेजारच्या पेशींचे काम बिघडते, पोटॅशियमचा निचरा नीट होत नाही, आणि एके दिवशी तिथल्या चेतापेशी एकदम पेटून उठतात. झटक्यात सुटलेले ग्लुटामेट पुन्हा गाठीलाच खतपाणी घालते. हे दुष्टचक्र समजून घेतले की झटके हे केवळ एक लक्षण म्हणून बाजूला ठेवता येत नाहीत. २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील एका गटाने ग्लिओब्लास्टोमाच्या रुग्णांत शस्त्रक्रियेच्या वेळी, रुग्ण जागा असताना, मेंदूच्या पृष्ठभागावरील विद्युतक्रिया नोंदवली. शब्द उच्चारताना गाठीने व्यापलेला भागही सक्रिय होत होता, आणि ज्यांची गाठ उर्वरित मेंदूशी जास्त जोडलेली होती त्यांचे आयुर्मान कमी होते. त्या जोडलेल्या भागात थ्रोम्बोस्पाँडिन-१ हे प्रथिन जास्त आढळले. हे प्रथिन निरोगी अ‍ॅस्ट्रोसाइट नवे सायनॅप्स घडवण्यासाठी वापरतात.

मायक्रोग्लियाबद्दल थोडेच लिहिते. गाठीतील पेशींपैकी बराच मोठा वाटा, कित्येकदा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त, मायक्रोग्लिया आणि रक्तातून आलेल्या त्यांच्यासारख्या पेशींचा असतो. गाठ त्यांना बोलावून घेते आणि लढण्याऐवजी जखम भरण्याच्या कामाला लावते. इतर कर्करोगांत गुणकारी ठरलेली प्रतिकारशक्ती जागवणारी औषधे ग्लिओब्लास्टोमात आतापर्यंत अपेक्षेइतकी चाललेली नाहीत, त्यामागचे हे एक कारण आहे.

उपचारांबाबत स्पष्ट लिहिते, कारण आपण तसे मागितले आहे. सुरक्षितपणे निघेल तितकी गाठ काढणे, मग सहा आठवड्यांत ३० वेळा मिळून ६० ग्रे (किरणांच्या मात्रेचे एकक) किरणोपचार आणि त्यासोबत व नंतर टेमोझोलोमाइड हे केमोथेरपीचे औषध, ही पद्धत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५७३ रुग्णांच्या चाचणीवर उभी आहे. त्यात नुसत्या किरणोपचाराच्या तुलनेत टेमोझोलोमाइडही दिलेल्यांत मध्यम आयुर्मान १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेले आणि दोन वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्के झाले. मध्यम आयुर्मान म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले, हे हा आकडा वाचताना विसरू नये. अहवालात एमजीएमटी मेथिलेशनचा (एमजीएमटी हे डीएनए दुरुस्त करणारे जनुक बंद पडले आहे का याच्या तपासणीचा) निकाल असेल तर तो ऑन्कॉलॉजिस्टना जरूर विचारावा, कारण ते असलेल्यांत टेमोझोलोमाइडचा उपयोग जास्त होतो. व्होरासिडेनिब या नव्या औषधाबद्दल आपण वाचले असेल. ते आयडीएच बदल असलेल्या श्रेणी २ च्या गाठींसाठी आहे, वडिलांच्या आजारासाठी नाही.

चेतापेशी आणि गाठ यांचा संवाद तोडणारी औषधे अजून नित्य उपचारात आलेली नाहीत. अपस्माराचे पेरँपॅनेल आणि चेतावेदनेचे गॅबापेंटिन यांची चाचपणी चालू आहे, कारण पहिले ग्लुटामेटच्या ग्राहकांना अडवते आणि दुसरे थ्रोम्बोस्पाँडिनच्या ग्राहकाला. ती दुकानातून आणून आपल्या मनाने सुरू करू नयेत. या क्षेत्रात आशा आणि पुरावा यांत अंतर पडल्याची उदाहरणे आहेत: व्हॅलप्रोएट आणि लेव्हेटिरासिटॅम या झटक्यांवरच्या औषधांनी आयुष्यही वाढते असे एके काळी वाटले होते, पण २०१६ मध्ये मोठ्या चाचण्यांतील माहिती एकत्र तपासली तेव्हा तसे आढळले नाही. झटके थोपवण्यासाठी मात्र ती उपयुक्त आहेत आणि त्यांची एकही मात्रा चुकवू नये.

राहिला प्रश्न वाचनाचा आणि गणितांचा. ते बंद करू नये. प्रयोगांत उंदरांच्या एका ठरावीक भागातील चेतापेशी बाहेरून, ठरावीक लयीत, जबरदस्तीने उत्तेजित केल्या होत्या. माणसाच्या विचार करण्याशी त्याची बरोबरी होत नाही. वडिलांनी पुस्तक मिटले तरी मेंदू गप्प बसत नाही. तो ऐकतो, आठवतो, काळजी करतो, आणि झोपेतही त्यातील चेतापेशींचे काम चालूच असते. विचार केल्याने माणसात ग्लिओमा वेगाने वाढतो असे दाखवणारा पुरावा नाही. याउलट २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ग्लिओमाच्या १४० रुग्णांपैकी ज्यांना लक्ष आणि स्मरण यांचे पद्धतशीर प्रशिक्षण दिले त्यांना काही महिन्यांनी त्याचा फायदा झालेला दिसला. ते रुग्ण मुख्यतः कमी श्रेणीच्या गाठींचे होते हे खरे, पण मेंदूला काम दिल्याने त्यांचे नुकसान झाले नाही. किरणोपचाराच्या दिवसांत थकवा येईल, तेव्हा वीस मिनिटांनी थांबावे आणि झोप मोडून काहीही करू नये, कारण अपुऱ्या झोपेने झटके येतात.

एक काम मात्र करावे. डाव्या टेंपोरल भागातील झटके नेहमी अंग आखडून येतात असे नाही. अर्धा मिनिट शब्द न सुचणे, वाचलेल्या ओळीचा अर्थ अचानक न लागणे, पोटातून काही वर चढल्यासारखे वाटणे किंवा हातातला पेन थांबून नजर एकटक होणे, एवढेच त्यांचे रूप असू शकते. वडिलांच्या गणिताच्या वहीचे शेवटचे पान यासाठी राखून ठेवा. असे काही घडले की तारीख, वेळ, किती सेकंद चालले आणि आदल्या रात्री झोप किती झाली होती ते तिथे लिहा, आणि पुढच्या भेटीत ती वहीच न्यूरॉलॉजिस्टसमोर ठेवा.